रजेचा अर्ज, चहाच्या पेट्या आणि पूर्ण स्वराज्य: वसाहती स्वातंत्र्य नेमकं कधी जाहीर करतात?

मुळामुठा | रविवार, रात्री १०:४०

आज लेकीला घेऊन आगाखान पॅलेसला गेलो होतो. ती नववीत आहे. कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या समाध्यांपाशी बराच वेळ उभी राहिली, काही बोलली नाही, आणि येताना येरवड्याच्या सिग्नलला स्कूटरवर मागून विचारते, "बाबा, काँग्रेस १८८५ ला निघाली आणि पूर्ण स्वराज्याचा ठराव १९२९ ला झाला, मग मधली ४४ वर्षं ते काय मागत होते?"

मला धड उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर पुस्तकं काढून बसलो आणि जे डोक्यात आलं ते इथे टाकतोय, तुम्ही सगळे भर घाला.

आधी आपल्या पुण्याचंच बघा. सार्वजनिक सभा १८७० ची. गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका, न्यायमूर्ती रानडे ही सगळी मंडळी त्यात. १८७५ च्या सुमारास या सभेने थेट ब्रिटिश पार्लमेंटला अर्ज केला की आम्हाला तुमच्या सभागृहात प्रतिनिधी द्या. म्हणजे "निघून जा" नाही, तर "आम्हाला तुमच्यात बसू द्या". आणि हे मागायला आधार होता, १८५८ चा राणीचा जाहीरनामा, त्यात सरळ म्हटलं होतं की जात धर्म न बघता लायकीप्रमाणे सरकारी नोकऱ्या देऊ. लोकांनी ते खरं मानलं. आणि मग आयसीएसची, म्हणजे वरच्या सरकारी नोकरीची, परीक्षा मात्र फक्त लंडनला, आणि १८७६ ला वयाची अट २१ वरून १९ वर आणली, आता १९ वर्षांच्या आतला इथला पोरगा समुद्र ओलांडून तिकडे जाऊन लॅटिन-ग्रीक शिकलेल्या पोरांशी कसा भिडणार? परीक्षा भारतात सुरू झाली १९२२ ला. कागदावर दार उघडं आणि प्रत्यक्षात कडी लावलेली.

अमेरिकेचं तर अजूनच आश्चर्य वाटलं मला. एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टनला इंग्रज फौज आणि तिथले लोक यांच्यात गोळीबार झाला, माणसं मेली, आणि त्यानंतर जुलैमध्ये सुद्धा हे लोक राजाला विनवणीचा अर्ज पाठवत होते, की महाराज आम्ही तुमचीच प्रजा, तुमच्या मंत्र्यांना आवरा. राजाने अर्ज हातात घ्यायलाच नकार दिला, ऑगस्टमध्ये बंडखोर म्हणून जाहीर करून टाकलं. त्यानंतर वर्षाच्या आत ४ जुलै १७७६.

म्हणून माझं म्हणणं असं की स्वातंत्र्य ही पहिली मागणी कधीच नसते, शेवटची असते. आधी अर्ज, मग परत अर्ज, आणि अर्ज फेटाळणाऱ्याशी बोलण्यात अर्थ नाही हे पटलं की मग घोषणा.

------

इतिहासवेडा | रविवार, रात्री ११:२५

विषय आवडीचा त्यामुळे लगेच लिहितोय. अर्ज वगैरे बरोबर आहे, पण पैशाचं गणित सुटलंय तुमचं.

ब्रिटन आणि फ्रान्समधलं सात वर्षांचं युद्ध १७६३ ला संपलं तेव्हा ब्रिटनचं कर्ज जवळजवळ दुप्पट झालं होतं, ते फेडायला वसाहतींवर कर, १७६५ चा स्टॅम्प ॲक्ट, म्हणजे कागदपत्रांवरचा कर. विरोध झाला म्हणून पुढच्या वर्षी मागे घेतला, पण त्याच वेळी दुसरा कायदा केला की तुमच्यावर वाटेल तो कायदा करायचा अधिकार आम्हाला आहेच. लोकांना खरं लागलं ते हे.

आणि चहाचं बघा, पुष्कळ जणांना वाटतं चहा महाग केला म्हणून बोस्टनला पेट्या बुडवल्या. उलट! १७७३ च्या कायद्याने चहा स्वस्त झाला होता. पौंडभर वजनाच्या चहामागे ३ पेन्सचा कर तेवढा ठेवला होता, तो सुद्धा मुद्दाम, हक्क दाखवायला. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या समुद्रात टाकल्या त्या कुणाच्या होत्या, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या. तीच आपली कंपनी. बंगालमध्ये १७७० चा भयंकर दुष्काळ, त्यात लोक मेले, वसुलीची घडी बिघडली, कंपनी कर्जात बुडाली आणि तिला वाचवायला तिचा साठलेला चहा अमेरिकेच्या गळ्यात मारायचं ठरलं. बंगालच्या शेतकऱ्याचं मरण आणि बोस्टनची ती रात्र एकाच हिशोबाच्या वहीत आहेत, हे शाळेत कुणीच शिकवत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तारखा शेजारी ठेवून बघा. शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी बोस्टन. १७७५ च्या मार्चमध्ये राघोबादादा सुरतेला इंग्रजांशी तह करतायत आणि एप्रिलमध्ये तिकडे लेक्सिंग्टन. मार्च १७७६ पुरंदरचा तह, जुलैमध्ये तिकडची घोषणा. दोन्हीकडे एकच साम्राज्य हातपाय पसरत होतं.

------

कोथरूडची मावशी | सोमवार, सकाळी ६:५०

मी ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहिते. मुळामुठा, तुमच्या लेकीचा प्रश्न फार चांगला आहे, तिला सांगा मावशीने शाबासकी दिलीय.

पण तुमचं उत्तर मला पुरं पटलं नाही. अर्ज कोण करतो? ज्याला लिहिता येतं, ज्याचा अर्ज कुणीतरी निदान उघडून बघेल अशी आशा असते तो. हैती या फ्रान्सच्या वसाहतीतल्या गुलामांनी कुणाकडे अर्ज करायचा होता? ऊसमळ्यात जवळजवळ पाच लाख माणसं गुलाम होती, ऑगस्ट १७९१ ला त्यांनी मळेच पेटवले.

मात्र तिथेही पुढे काय झालं ते नीट बघा, कारण त्यात खरं उत्तर आहे असं मला वाटतं. १७९४ ला फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली. त्यानंतर तूसां लुव्हेर्त्यूर हा त्यांचा पुढारी फ्रान्सच्या बाजूने लढला, १८०१ ला त्याने स्वतःची राज्यघटना केली तरी फ्रान्सपासून तोडलं नाही. माणसं मोकळी झाली होती ना, मग झेंडा कुणाचा याचं त्यांना एवढं नव्हतं. मग नेपोलियनने १८०२ ला फौज पाठवली, तूसांला धरून फ्रान्सला नेलं, तिथल्या थंडीत किल्ल्यातल्या कोठडीत तो एप्रिल १८०३ ला गेला. शेजारच्या ग्वाडेलूप बेटावर गुलामगिरी परत आणल्याची बातमी आली आणि मग मात्र सगळे एकदम उठले. १ जानेवारी १८०४ ला घोषणा. म्हणजे नुसता जुलूम असताना घोषणा झाली नाही, मिळालेलं परत काढून घेतलं तेव्हा झाली.

ब्राझील घ्या. नेपोलियनच्या भीतीने पोर्तुगालचा दरबार १८०८ ला रिओला पळून आला, तिथे राजधानी झाली, १८१५ ला ब्राझीलला पोर्तुगालच्या बरोबरीच्या राज्याचा दर्जा मिळाला. राजा १८२१ ला परत गेल्यावर लिस्बनच्या सभेने ठरवलं की ब्राझीलने पुन्हा आधीसारखी वसाहत व्हावं. ७ सप्टेंबर १८२२ ला राजाच्याच मुलाने तिथे स्वातंत्र्य जाहीर केलं! तिथे इतर वसाहतींच्या मानाने रक्त कमी सांडलं, पण कारण तेच.

आपल्याकडे ऑगस्ट १९१७ ला भारतमंत्री माँटेग्यूने पार्लमेंटमध्ये सांगितलं की हळूहळू जबाबदार राज्यपद्धती देऊ. दहा लाखांच्यावर हिंदी सैनिक महायुद्धात समुद्रापार जाऊन आले. आणि बदल्यात काय, तर मार्च १९१९ ला रौलट कायदा, विना चौकशी डांबून ठेवायचा. १३ एप्रिलला जालियनवाला. गांधीजी १९१८ ला खेड्याखेड्यातून सैन्यात भरती व्हा म्हणून सांगत फिरत होते, तोच माणूस दोन वर्षांत असहकाराला उभा राहिला. ज्याने विश्वास ठेवला होता त्याचा विश्वास मोडला की तो माणूस मागे फिरत नाही. वर्गात हा धडा शिकवताना दर वर्षी माझा आवाज जड व्हायचा.

------

पेठेतला | सोमवार, सकाळी ९:१५

मावशी +१००

एक प्रश्न मात्र उरतोच. विश्वास मोडला, ठीक, मग लढा की, जाहीर कशाला करायचं? कागद लिहून सगळ्या जगाला का सांगायचं?

कारण ती घोषणा राजासाठी नसतेच, तिसऱ्यासाठी असते. जोपर्यंत तुम्ही राजाची प्रजा म्हणून भांडताय तोपर्यंत ते घरातलं भांडण, दुसरा राजा मदत कशी करणार? अमेरिकन लोकांना फ्रान्सचा दारूगोळा, बंदुका, आरमार हवं होतं. फ्रान्सने उघड तह केला फेब्रुवारी १७७८ ला, तोसुद्धा साराटोगाला इंग्रज हरल्यावर. १७७६ चा कागद वाचला तर त्यात राजाच्या विरुद्ध २७ तक्रारी ओळीने लिहिल्यात आणि सुरुवातीलाच म्हटलंय की जगापुढे ही हकीकत ठेवतो.

आणि याचं एक टोक आपल्या पुण्यात आहे. १७७७ ला सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात नाना फडणीसांकडे आला होता, आणि नानांनी त्याचा असा सन्मान केला की मुंबई-कलकत्त्याच्या इंग्रजांची झोप उडाली, त्यांना वाटलं आता फ्रेंच आणि मराठे एक होणार. नानांना फ्रेंचांकडून फार काही मिळालं नाही, पण इंग्रजांना धाकात ठेवायला तिसरा लागतो हे नानांना पक्कं कळत होतं. तळेगावच्या पुढे वडगावला जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांना शरण यावं लागलं, तेव्हा तिकडे अमेरिकेतही त्यांचे हात अडकलेले होते.

वेळसुद्धा तशीच साधतात. इंडोनेशियाने १७ ऑगस्ट १९४५ ला जाहीर केलं, जपान शरण आल्यावर दोनच दिवसांनी, डच परत यायच्या आत. डचांनी मान्य करायला डिसेंबर १९४९ उजाडला. व्हिएतनामने २ सप्टेंबर १९४५, आणि हो ची मिन्हने भाषणाची सुरुवातच अमेरिकेच्या घोषणेतल्या वाक्याने केली. ते कुणाला ऐकवायचं होतं हे उघड आहे.

------

टोरांटोकर (मूळचा नारायण पेठ) | सोमवार, सकाळी ९:५०

कॅनडाचं सांगतो थोडक्यात. इथेही १८३७-३८ ला बंडं झाली, प्रजासत्ताकाच्या घोषणासुद्धा झाल्या, चिरडली गेली. पण नंतर लंडनने चौकशी लावली, १८३९ ला लॉर्ड डरहमचा अहवाल आला, १८४८ पर्यंत निवडून आलेल्यांच्या हातात कारभार दिला. पुढे १९८२ पर्यंत तुकड्यातुकड्याने सगळं मिळत गेलं. त्यामुळे इथे १ जुलैला सुट्टी असते पण कुणी कुणाच्या विरुद्ध जाहीर केलेला असा दिवस नाही. दार उघडलं की घोषणा होत नाही, धागाकर्त्याचं म्हणणं उलट्या बाजूनेही सिद्ध होतं.

------

गंज पेठ | सोमवार, दुपारी १:३०

टोरांटोकर, कॅनडात दार कुणासाठी उघडलं? गोऱ्यांसाठी. तिथल्या मूळच्या लोकांना कुणी विचारलं? हाच तर मुद्दा आहे आणि वरच्या सगळ्या प्रतिसादांमध्ये तो कुठेच आला नाही म्हणून मला बोलावं लागतंय.

स्वातंत्र्य जाहीर कोण करतंय आणि कोणासाठी? १७७६ च्या घोषणेत "सगळी माणसं समान" असं लिहिणाऱ्या जेफरसनच्या मळ्यावर आयुष्यभरात शेकडो गुलाम राबले. मसुद्यात गुलामांच्या व्यापाराची निंदा करणारा परिच्छेद होता, तो त्यांच्या काँग्रेसने (म्हणजे तिकडच्या वसाहतींच्या सभेने) काढून टाकला. आणि नोव्हेंबर १७७५ ला व्हर्जिनियाच्या इंग्रज गव्हर्नरने जाहीर केलं होतं की बंडखोरांचे जे गुलाम आमच्या बाजूने लढतील त्यांना मोकळं करू, हजारो पळून गेले त्याच्याकडे! त्या माणसाच्या नजरेने बघा, त्याच्यासाठी मुक्ती राजाच्या बाजूला होती.

आमच्या जोतिबांनी हे ओळखलं होतं. गुलामगिरी पुस्तक १८७३ चं, बोस्टनच्या चहाला बरोब्बर १०० वर्षं झाली तेव्हाचं. ते अर्पण केलंय अमेरिकेतल्या लोकांना, पण १७७६ साठी नाही, निग्रो गुलामांना मोकळं केलं त्यासाठी. अर्पणपत्रिका परत वाचा सगळ्यांनी. फुले वाड्यात मी लहानपणापासून जातोय, माझे आजोबा बोट धरून न्यायचे, तिथे उभं राहिलं की हा प्रश्न विचारावाच लागतो की इंग्रज गेल्यावर पाणवठा कोणाला मोकळा होणार होता?

आणि मावशी, तुमचं "मिळालेलं काढून घेतलं" हे आफ्रिकेतल्या ऱ्होडेशियाला, म्हणजे आताच्या झिंबाब्वेला, लावून बघा. १९२३ पासून तिथल्या मूठभर गोऱ्यांच्या हातात कारभार होता. लंडन म्हणालं की काळ्या बहुसंख्याकांना मत देणार असाल तरच स्वातंत्र्य. तर तिथला गोरा पंतप्रधान इयन स्मिथने ११ नोव्हेंबर १९६५ ला स्वतःच स्वातंत्र्य जाहीर केलं, अगदी १७७६ च्या घोषणेची भाषा उचलून! त्यांचंही काहीतरी काढून घेतलं जात होतंच, दुसऱ्याच्या मानेवर बसायचा हक्क. तिथल्या काळ्या माणसाचा खरा दिवस १८ एप्रिल १९८०, झिंबाब्वे. म्हणून घोषणा ऐकली की मी आधी बघतो, खाली सही कोणाची आहे आणि गावकुसाबाहेर कोण उभं आहे.

------

कोथरूडची मावशी | सोमवार, दुपारी ४:०५

गंज पेठ, तुमचं म्हणणं मी मान्य करते. कारण शोधताना मी न्याय-अन्याय बाजूला ठेवला होता, तो ठेवायला नको होता. हैतीचं एक सांगायचं राहिलं तेही याच संदर्भात, गुलामांनी स्वतः मिळवलेलं स्वातंत्र्य फ्रान्सने १८२५ ला मान्य केलं ते १५ कोटी फ्रँक भरपाई मागून, मळेवाल्यांचं नुकसान झालं म्हणून! पुढे ती ९ कोटींवर आणली, पण त्यासाठी काढलेली कर्जं फिटता फिटता १९४७ साल आलं. माणसांनी स्वतःच्याच शरीराची किंमत मालकाला दिली. अमेरिकेनेही हैतीला १८६२ पर्यंत मान्यता दिली नाही. सही कुणाची हे जग बघतंच, तुम्ही म्हणता तसं.

------

सातारकर | सोमवार, रात्री ८:२०

शाळेनिमित्त पुण्यात आलो आणि इथलाच झालो, पण गाव वाळव्याकडचं.

आमच्याकडे १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. कुठे मोठा जाहीरनामा काढून जगाला सांगितलं असं नाही, सरळ कारभारच सुरू केला, न्यायदान मंडळं नेमली, गावातले तंटे मिटवले, सावकाराला आणि दरोडेखोराला वचक बसवला. माझी आजी सांगायची की निकाल गावातच लागायचा, कोर्टात जावं लागायचं नाही. त्यामुळे मला वाटतं की लोक आधी मनाने आणि कामाने वेगळे होतात, कागद मागाहून येतो. अमेरिकेतही व्हर्जिनियाची सभा १६१९ पासून बसत होतीच ना, दीडशे वर्षं स्वतःचं स्वतः चालवायची सवय लागलेली, त्यात वरून कुणी आलं की खपत नाही.

------

नवीपेठ_चाळ | सोमवार, रात्री ९:३०

गोव्याबद्दल कुणी लिहिलं नाही. माझे वडील १९५५ च्या सत्याग्रहात होते. सेनापती बापट आणि ना. ग. गोरे यांची पहिली तुकडी १८ मेला गोव्यात शिरली, वडील नंतरच्या एका तुकडीत, पाठीवरचे वळ आम्ही लहानपणी बघितलेत, त्याबद्दल ते स्वतःहून कधी बोलले नाहीत.

पोर्तुगालने १९५१ ला घटना बदलून वसाहत हा शब्दच काढून टाकला, म्हणाले हे आमचे समुद्रापलीकडचे प्रांत. वसाहतच नाही म्हटल्यावर अर्ज कशाचा करणार? बोलायला जागाच ठेवली नाही. १५ ऑगस्ट १९५५ ला हद्दीवर नि:शस्त्र माणसांवर गोळ्या घातल्या. दादरा-नगर हवेली १९५४ ला स्वयंसेवकांनी सोडवली, त्यात आपले बाबूजी म्हणजे सुधीर फडके सुद्धा होते. गोव्याला मात्र डिसेंबर १९६१ ला सैन्य पाठवावं लागलं.

------

मुळामुठा | सोमवार, रात्री ११:१०

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवसात मी जेवढं शिकलो तेवढं कॉलेजात नव्हतो शिकलो. लेकीला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले.

माझं म्हणणं आता बदललंय. अर्ज फेटाळणं हे कारण मी धरलं होतं, पण मावशींचं जास्त खरं आहे, आशा दाखवून मागे घेणं. १९२९ चंच बघा, ऑक्टोबरच्या अखेरीस व्हाइसरॉय आयर्विनने वसाहतीच्या स्वराज्याचं (म्हणजे साम्राज्यात राहूनच स्वतःचा कारभार) जाहीर केलं, लोकांनी परत एकदा विश्वास ठेवायची तयारी केली, आणि २३ डिसेंबरला गांधीजी आणि बाकीचे भेटायला गेले तर कसलीच हमी द्यायला तयार नाही. आठ दिवसांनी लाहोरला रावीच्या काठी मध्यरात्री झेंडा. हसरत मोहानींनी १९२१ लाच काँग्रेसच्या अहमदाबाद अधिवेशनात पूर्ण स्वातंत्र्य मागितलं होतं तेव्हा गांधीजींनीच विरोध केला होता, म्हणजे मधली आठ वर्षं सुद्धा वाट बघण्यातच गेली. आणि २६ जानेवारी १९३० ची प्रतिज्ञा काढून वाचली तर तीही तक्रारींची यादीच आहे, त्यात लिहिलंय की आमचं सरासरी उत्पन्न दिवसाला सात पैसे, आणि त्यातही मिठावर कर. गंज पेठ यांचा प्रश्न मात्र त्या प्रतिज्ञेला विचारला तर उत्तर मिळत नाही, हेही लेकीला सांगितलं, लपवलं नाही.

आणि शीर्षकातला रजेचा अर्ज सांगायचा राहूनच गेला. वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून होते, म्हणजे साम्राज्याचाच पगार खाणारे, चांगली नोकरी. आई शिरढोणला शेवटच्या आजारात, रजा मागितली, वेळेवर मिळाली नाही, पोचले तेव्हा आई गेलेली. वर्षश्राद्धालाही रजा नाही. मग रानड्यांची व्याख्यानं ऐकली की देश गरीब का होतोय, मग १८७६-७७ चा दुष्काळ डोळ्यांनी बघितला, आणि १८७९ ला रामोशी, धनगर, कोळी यांना घेऊन बंड. रानड्यांची व्याख्यानं ऐकणारे शेकडो होते, दुष्काळ तर सगळ्यांनी बघितला. पण मी स्वतः नोकरी करतो आणि माझी आई गावाला एकटी असते, त्यामुळे मला ती रजेची गोष्ट वाचल्यावर पुढचं काही वेळ वाचता आलं नाही. १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनच्या तुरुंगात गेले ते.

लेकीने आता नवीन प्रश्न काढलाय, की फडक्यांच्या बरोबर जे रामोशी आणि धनगर लढले त्यांची नावं कुठे लिहिलेली आहेत का. संगम पुलाजवळ सीआयडीच्या आवारात फडक्यांचं स्मारक आहे, येत्या रविवारी तिथे न्यायचं कबूल केलंय. गंज पेठ, तुम्हाला जमत असेल तर तुम्हीही या, सकाळी नऊला पुलाच्या अलीकडे थांबतो.